किलूच्या डब्यातून

कुरेसारेच्या वाचनालयाखाली, तळघरात,
दर शनिवारी दोन ते पाच
माझं टेबल असतं.
एक दिवा, दोन स्क्रूड्रायव्हर
आणि किलूचा रिकामा डबा.
किलू म्हणजे आमच्याकडचा बोटभर मासा,
काळ्या पावावर ठेवून खातात.
डबा तीनदा धुतला, तरी आतल्या पेनड्राइव्हना
वास येतोच थोडा.
लोक नाक मुरडतात आणि घेऊन जातात.

मोठी नावं मी ठेवत नाही.
तयार बूट बाजारात मिळतात.
माझ्याकडे येतो तो,
ज्याचा एक पाय दुसऱ्यापेक्षा लांब आहे.

जसा काउर. वय सतरा.
म्हणाला, आत काय चालतं ते बघायचंय.
त्याला व्हॉइड दिली. नावातच पोकळी.
सुरुवातीला काळा पडदा,
एक लुकलुकती रेघ,
आणि समोर आपण.
तीन शनिवार तो फिरकला नाही.
चौथ्या शनिवारी आला, डोळे तांबारलेले,
खिशात घडी घातलेल्या कागदावर आज्ञा.
म्हणाला, आवाज अजून येत नाही,
पण का येत नाही, ते कळलंय.

हेल्वेनं शाळेची अकरा नेटबुकं
घसरगाडीवर बांधून बर्फातून ओढत आणली.
एकेक जीबीची मेमरी, बिजागऱ्या चिकटपट्टीवर.
अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात;
अँटीएक्स तर पाय पोटाशीच घेऊन झोपते.
दिसायला काही सुंदर नाही, ती म्हणाली.
नाही, मी म्हटलं.
अकराच्या अकरा सुरू झाली.
दहावं जरा उशिरा.

हाइनो पियानो लावतो. जन्मापासून दिसत नाही.
त्याला स्लिंट.
ती इन्स्टॉल होतानाच बोलायला लागते,
इंग्रजीत, जरा नाकात.
मी हात पुढे केला, तर त्यानं तो बाजूला सारला.
प्रत्येक वेळी कुणाचे तरी डोळे
उसने आणावे लागले आजवर, म्हणाला,
आज तू कॉफी कर.
मी केली. पाऊण तास तो विचारलेल्या प्रश्नांना
एकटाच उत्तरं देत बसला.
स्वर मात्र खटकला त्याला. अर्धी पट्टी खाली आहे म्हणे.

त्या दिवशी कोपऱ्यात लेइदा बसली होती,
कोट न काढता, मांडीवर लॅपटॉप.
मी मेलिसशी बोलत होते,
तो आठवड्याला एकदा सगळं मोडून आणतो,
म्हणून त्याला निक्सओएस दिलेली:
सुरू होताना यादी येते, आजची मांडणी, कालची, परवाची,
बोट ठेवायचं आणि मागे जायचं.
लेइदानं मध्येच विचारलं,
किती मागे जाता येतं?
जितकं आपण जपून ठेवलंय तितकं, मी म्हटलं.
आणि इन्स्टॉल करण्याआधीचं काहीच नाही.
ती मान हलवून गप्प झाली.

लॅपटॉप यूलोचा. पासवर्ड यूलोबरोबर गेलेला.
दुकानदार म्हणाला होता, सगळं पुसून नवं टाकू.
म्हणून ती दोन बस बदलून इथे.

डब्यातलं सर्वात लहान पेनड्राइव्ह काढलं. पपी.
हे पिल्लू रॅममध्येच राहतं, मी सांगितलं,
तुम्ही म्हणेपर्यंत डिस्कला तोंड लावत नाही.
पडदा उजळला
आणि लॅपटॉप भुंकला.
खरंच. दोनदा.
लेइदा खुर्चीतून उठली,
मग बसली, मग इतकी हसली
की वरून ग्रंथपालबाई जिन्यात आल्या.

पडद्याच्या तळाशी एक छोटं चित्र होतं.
हे काय?
यूलोची डिस्क. टिचकी मारली तर उघडेल.
तिनं माउसवर हात ठेवला. काढला.
हातमोजे घातले.
आज नको, म्हणाली, बस चुकेल.
बसला अजून चाळीस मिनिटं होती.

बंद करताना पिल्लानं विचारलं,
केलेलं सगळं सेव्ह करायचं का?
मी 'हो'वर बोट नेलं.
ते भुंकणं, तिनं विचारलं, रोज होईल?
नाही, फक्त पहिल्यांदा.
सेव्ह केलं नाही,
तर प्रत्येक वेळी पहिलीच वेळ.

मग नको करूस, लेइदा म्हणाली,
आणि पेनड्राइव्ह नाकाशी नेऊन हुंगलं.
किलू ना?