सूर

नकाशावर टायर. इथं तसं कुणी म्हणत नाही.
इथं म्हणतात सूर,
आणि मला दोनदा ऐकावं लागलं,
कारण माझ्या भाषेत सूर लागतो, सूर चुकतो,
आणि पोरं विहिरीत सूर मारतात.

इथंही मारतात.
बिशारा, वय अकरा,
धक्क्याच्या कडेला पाय जुळवतो
आणि बुडालेल्या खांबांच्या गावात जाऊन येतो.
मुठीत काटेरी शंख.
"रिकामाय. दहा डॉलर." मी हसते. "बरं, दोन."
त्याचा आजा नखले जाळं शिवता शिवता म्हणतो,
घासाघीस इथलीच, रक्तातली.

या एवढ्याशा गोगलगाईला
कुजवायचं, उकळायचं.
हजारो मेल्या की एका झग्याचा काठ रंगायचा.
सम्राटांना रंग, गावाला वास.

हे बेट होतं.
नखले सुईनं हवेत रेघ ओढतो:
समुद्र इथं, समुद्र तिथं, मधे आम्ही.
तेवीसशे वर्षांपूर्वीचं "आम्ही" म्हणतो,
काल संध्याकाळचं सांगावं तसं.
एक कोवळा राजा आला. दार उघडलं नाही म्हणून
त्यानं काठावरचं जुनं गाव मोडलं
आणि त्याच दगडांनी सात महिने समुद्र बुजवला.
मग जे व्हायचं ते झालं.
राजा पुढे गेला. वाळू थांबली,
लाटेगणिक मूठमूठ चिकटत राहिली,
आणि बेट विसरलं की आपण बेट होतो.
आता त्या वाटेवर मोबाइलची दुकानं,
एक दातांचा दवाखाना,
आणि भट्टीपुढे मुन्तहा, रोटीवर झातर पसरणारी.
वर आभाळात काहीतरी घुमत असतं दिवसभर.
सगळ्यांना ऐकू येतं. मान कुणी वर करत नाही.

दुपारी नात वही घेऊन बसते, तक्ला.
नखले तिचा अलिफ आडवा पाडतो, शिंगं काढतो:
हा बैल होता.
ब म्हणजे घर. द म्हणजे दार.
(मी दचकते. द म्हणजे दारच की.)
म म्हणजे पाणी.
बैल, घर, दार, पाणी.
कवितेसाठी नव्हती काढली ही अक्षरं;
कुणाकडे किती देवदार बाकी, किती तेल,
कुणी बुडवले.
वाण्याची चोपडी ती.
जहाजातून ग्रीकांकडे गेली, तिथं बैल डोक्यावर उभा राहिला.
माझ्या क-ख-गपर्यंतही आली, म्हणतात काही.
काही म्हणतात, छे.

आणि ज्यांनी जगाला अक्षरं उधार दिली
त्यांची पोथी एक उरली नाही.
दमट हवेत कागद कुजले.
दगडावरचं तेवढं राहिलं: झाकण उघडू नकोस.
बाकीची गोष्ट शत्रूंनी लिहिली,
यांच्याच अक्षरांत.
"मुद्दलही परत आलं नाही," नखले म्हणतो,
आणि दोरा दातानं तोडतो.

शंख दोन डॉलरला घेतला, ओढणीत गुंडाळला.
तिसऱ्या दिवशी पिशवीला वास सुटला.
रिकामा नव्हता.
काठाला एक हिरवट डाग होता,
गच्चीवर वाळत घातला
तर उन्हात जांभळा होत गेला.
दोनदा धुतला.
आहे अजून.