तीन हिरव्या स्प्रिंगा

हरेश आलिमकर म्हणाला, चढावर दम सोडतो.
टँकर भरलेला असला की महाप्याच्या बाजूला
इंजिन पळतं
आणि चाकं विचार करत बसतात.
जळका वास त्याच्या शर्टालाच होता.
ट्रॅक्टर मागून आला, ओढत,
शिळफाट्याच्या गर्दीत सगळ्यांच्या शिव्या खात.

सत्त्याहत्तरचं मॉडेल. मूळचा लाल रंग
आता फक्त बॉनेटच्या आतल्या अंगाला.
ठोकळे लावले, पुढच्या धुरीला पाचरी,
एकेक बोल्ट काढला. शेवटचा दिसत नाही कधीच,
तो हाताला सापडतो.
मग अर्शदनं आणि मी पुढचा भाग ढकलला
आणि ट्रॅक्टर मधोमध उघडला,
आधी वीतभर, मग हातभर.
आत काळी भुकटी,
फ्लायव्हीलवर मोरपिसासारखे निळे डाग.
तापून तापून येतात. दिसायला सुंदर.

प्रेशर प्लेट दाबाखाली धरून खोलली.
नऊ स्प्रिंगा.
सहा मूळच्या.
तिघींवर हिरवा ठिपका, कुठल्यातरी हलक्या गाडीच्या,
दोन सोडून एक, दोन सोडून एक,
अगदी हिशोबानं बसवलेल्या.
कुठल्या गाढवानं केलं हे, मी मोठ्यानं म्हणालो,
आणि कव्हरच्या कडेला बोट फिरलं तर
पंचनं मारलेले दोन ठिपके, मध्ये रेघ.

कमळाकर मेस्त्री.
त्याच्याकडे मी अकरा महिने टिकलो.
तो वाईट बोलायचा. पगार कापायचा.
पण चुकीची स्प्रिंग?

हरेशला ठाऊक नव्हतं. त्यानं घरी फोन लावला.
फोनवर सांगायचं सोडून म्हाताराच आला रिक्षानं,
बाळाराम, डावा पाय काठीसारखा सरळ,
रिक्षातून आधी पाय उतरला, मग माणूस.
मिठागराच्या बांधावरनं पडलो, म्हणाला,
ढोपर वाकत नाय तवापासून.
मेस्त्रीला बोललो, क्लच हलका कर,
नाय तर विकून टाकतो.
मागं काय असायचं तेव्हा? भाताचा पेंढा.
पेंढ्याला कितीशी ताकद लागते.

आता मागं पाच हजार लिटर पाणी असतं
आणि जिथं पेंढा रचायचा
तिथं बाविसाव्या मजल्याचं प्लास्टर चाललंय.

मी नऊच्या नऊ स्प्रिंगा जोरदार घातल्या.
काय करणार.
नवी क्लचप्लेट जुन्या शाफ्टवर ओवून मध्याला आणली,
कव्हरचे बोल्ट समोरासमोरचे थोडे थोडे आवळले.
मग तीन बोटं. बेअरिंग तिन्हींना एकदम भिडलं पाहिजे.
पट्टी आडवी धरून मोजलं:
दोन सारखी, तिसरं कागदभर खाली.
एवढ्यानंच गाडी सुटताना थरथरते
आणि मालक ड्रायव्हरला बोलतो.
नट पाव आटा. पट्टी. जास्त झालं.
मागे. पट्टी.
अर्शद म्हणाला, उस्ताद, चालेल.
चालेल म्हणणाऱ्याच्या गाड्या परत येतात, मी म्हणालो,
आणि ऐकलं तर आवाज कमळाकर मेस्त्रीचा.

बाळाराम तोवर टायरवर बसून होता.
चहा घेतला नाही. तिन्ही हिरव्या स्प्रिंगा
पंज्यावर घेऊन दाबून बघत होता,
पिकलेला आंबा बघावा तशा.

संध्याकाळी जोडला. पेडलची मोकळी चाल
दीड बोट ठेवली.
हरेशनं चालू केला, गिअर टाकला, सोडला,
ट्रॅक्टर निमूट पुढे सरकला. थरथर नाही.
बंद कर, म्हातारा म्हणाला, मला चढू दे.
आम्ही दोघांनी उचलून बसवला.
त्यानं डावा पाय ठेवला पेडलवर.
पेडल ढिम्म.
कमरेतून रेटला. ढिम्म.
मग उजवा पाय उचलून डाव्यावर ठेवला,
दोन्ही मिळून दाबला,
आणि गेला, पार खालपर्यंत गेला.

तिथंच धरून बसला तो, नसा फुगलेल्या,
आणि हसत विचारलं मला,
बरा केलास रं.
आता ब्रेक कोन दाबील?