बावीस डबे, दोन रात्री बंद

पंपाच्या कंपनीनं यंदा दुकानदारांना
गोव्याला न्यायचं ठरवलंय,
कॅसिनोवाल्या रिसॉर्टवर, दोन रात्री, जोडीनं.
साळोख्यांच्या पोरानं दुकानात पाकीट आणून दिलं.
आत एक गुळगुळीत पुस्तिका, जेवणाची दोन कुपनं.
एकाच छपराखाली सहा हॉटेलं.
त्यातली दोन निवडा, म्हणाला,
शुक्रवारपर्यंत कळवा.

उद्यमनगरातनं घरी आलो
तेव्हा रत्नमाला डबे विसळत होती.
बावीस डबे. इंजिनिअरिंगची पोरं,
आणि बदलीवर आलेले एक पोस्टमास्तर,
ज्यांना लसूण चालत नाही.
पदराला हात पुसून तिनं पुस्तिका घेतली, चष्मा लावला,
आणि किराणाचं बिल वाचतात तशी
खालून वर वाचायला लागली.

"मेंढीच्या चार फासळ्या. तीन हजार दोनशे."
थोडा वेळ ओठ हलले.
"चार किलो मटण येतंय ह्यात.
सगळी मेस जेवून रस्सा उरंल."

मी जपानी हॉटेलाचं पान पुढं केलं.
चौगल्यांचा थोरला पुण्यात खाऊन आलाय,
सांगताना नुसते डोळे मिटतो.
"कच्चा मासा खायाला घाट उतरायचा?"
पान उलटलं.

पुढच्यात सात वाढपं,
एकेक घासाएवढं, दोन तास चालणार.
"दोन तास! माझी पोरं ताटं आपटतील."
खाली बारीक अक्षरांत होतं,
पुरुषांनी बंद बूट घालून यावं.
मी उंबऱ्याकडं बघितलं.
माझं पायताण बाहेर पडलेलं,
एक उताणं.
जेवायला बसताना ते काढायचं असतं
एवढंच मला आजवर ठाऊक.

कॅसिनोचं मी शेवटी, हळूच काढलं.
वाटलं, आता भडकणार.
ती डब्यांची झाकणं जुळवत राहिली.
"पत्त्यांचं तुमचं तुम्ही बघा. मला जुगार नवा न्हाई.
पहाटे पातेलं चढवतो तवा कुणाला म्हाईत
किती पोरं गावाकडं पळाल्यात,
कोण दोस्ताला संगं घिऊन येणाराय?
सोळा वर्सं अंदाजावर तांदूळ घालतो मी.
हरलो, तर रात्री आपल्याला शिळा भात."

"आणि जिंकलीस तर?"

"जिंकलो तर पातेलं रिकामं."

झाकणं जुळत होती, एकामागं एक.
पातेलं रिकामं असेल त्या रात्री ही काय जेवते,
हे मी कधी विचारलं नव्हतं.
तेव्हाही नाही विचारलं.

मग एका फोटोवर तिचं बोट थांबलं.
काचेपलीकडं मोठं स्वयंपाकघर,
पांढऱ्या उंच टोप्यांतली चार माणसं,
एकाच्या कढईतनं जाळ उठलेला.
"हे. काचेजवळचं टेबल मागा."
"जेवायचं काय पण तिथं?"
"कायबी असू दे.
दुसरं कोण रांधतंय ते बघत बसतो.
दुसरं कुपन तुमचं. तुम्ही निवडा."

मी साळोख्यांच्या पोराला फोन लावला.
काचेजवळचं सांगता येत नाही काका, म्हणाला,
पहिला येईल त्याला.
बघ बाबा, म्हटलं, जमलं तर.
माझं कुपन अजून शर्टाच्या खिशात,
वसुलीच्या चिठ्ठ्यांत दुमडलेलं.

रात्री दिवा मालवल्यावर म्हणाली,
"सोळा जणांना सांगितलंय. सहा राहिलीत.
पोस्टमास्तरांचं काय करायचं?"
मला डोळा लागत होता.
"त्या टोपीवाल्यांची जेवणं
कवा होत असतील हो?"

मी काय सांगणार!

थोड्या वेळानं ती उठली,
अंधारातच आत गेली,
आणि भिजत घातलेल्या मटकीत
अजून एक मूठ टाकल्याचा आवाज आला.
उद्या कुणीतरी जास्तीचा येईल
असं वाटलं असणार तिला.