डिंक

मिहेच्या डोंगरात तीन पुरुष उंच मका.
अधांतरी लालसर मुळांवरून डिंक ओघळतोय.
एर्मेलिंदा बोट लावते, चाटते.
पाहुण्यानं विचारलं, खत कुठलं?
"हवेला विचार."

डिंकाच्या आत, जिवाणूच्या पोटात
ऑक्सिजनला मज्जाव. शिरला तर विकर मेलंच.
लोखंड, गंधक, मॉलिब्डेनमचा एकुलता अणू
खोबणीत दबा धरून.

नायट्रोजन येतो. कुणाच्या अध्यात ना मध्यात,
तीन गाठींनी स्वतःलाच बांधलेला.
त्याला टेकायला जागा नाही.
मग विकर पदरचा हायड्रोजन सोडून देतं,
इतक्या महागाचा,
जाऊ देतं चक्क वाऱ्यावर,
आणि रिकाम्या जागी त्याला धरतं.

एक गाठ सैल.
उरलेल्या दोन

एर्मेलिंदा बोट झग्याला पुसते,
पुढच्या ताटाकडे वळते.