त्याच्या वाटचा जिना

वाल्पारायसोत रस्ते कमी, जिने जास्त.
टपालखात्यात घेताना गुडघ्यांचं विचारतात.
कुत्र्यांचं कुणी विचारत नाही.

एलेउतेरिओने बावीस वर्षं हे गाव पायांनी वाचलं,
आणि बावीस वर्षं कुणाला कळू दिलं नाही
की कुत्रं दिसताच त्याची जीभ टाळूला चिकटते,
हात खांद्यापासून परके होतात
आणि सगळं जग एवढंसं उरतं:
एक जबडा, आणि मधलं अंतर.

मला कळलं ते पिशवीमुळे.
मी आत बसून पत्रं लावते, खिडकीपाशी.
संध्याकाळी त्याची पिशवी रिकामी यायची,
तिच्यात निघाली वीजबिलं, एक लग्नपत्रिका,
तुरुंगातून आलेलं निळं पाकीट.
सगळी एकाच जिन्यावरची. एकशे बारा पायऱ्या,
वर हिरवं फाटक,
फाटकापुढे दूके.

उद्या टाकतो, म्हणाला.
मी हसले नाही. म्हटलं, दे इकडे,
तो जिना माझ्या वाटेवरच आहे.
नव्हता.

तीन वर्षं चढले मी.
दूके म्हणजे फाटक्या कानाचं म्हातारं जनावर,
शेपूट हलवायचासुद्धा आळस.
हे एलेउतेरिओला सांगून काय होणार होतं?
त्याला ते माहीतच होतं.
भीतीचं माहितीशी काही देणंघेणं नसतं.

मग दुसरा जिना सुटला. मग चौक.
मग मासळीबाजाराची मागची बाजू.
तो देत गेला, मी उचलत गेले,
आणि एके दिवशी पाहिलं तर
तिसरा हिस्सा गाव माझ्या खांद्यावर.

दवाखान्यात तेगुआल्दा बसते, मानसशास्त्राची,
माझ्या धाकटीएवढी.
तिने त्याला विचारलं, कधीपासून?
सहा वर्षांचा होतो, म्हणाला. हातात पाव होता.
मग माझ्याकडे वळली: आणि तुम्ही, कधीपासून?
प्रश्न कळायलाच मला वेळ लागला.
"त्यांच्याऐवजी तुम्ही जिना चढलात ना,
त्या प्रत्येक वेळी भीतीला तिचा पाव मिळाला."

मी आठवडाभर तिच्यावर रागावून होते.
तिला पत्ताही नसेल.

आधी त्याने नुसता शब्द लिहिला. कुत्रा.
मग पाकिटात एक फोटो, बायकोच्या फोटोशेजारी
(ती म्हणाली, बरोबर जागा मिळाली).
मग खालच्या पायरीवर बसून
वरचं भुंकणं ऐकायचं. उठायचं नाही.
घाबरू नका, असं तेगुआल्दा एकदाही म्हणाली नाही.
म्हणाली, घाबरा,
पण बसून घाबरा.
भीती चढते, चढत जाते,
पण वर तिला राहायला घर नसतं. ती उतरतेच.
तेवढा वेळ तुम्ही कधी थांबला नाहीत, इतकंच.

तो घड्याळ लावून बसायचा.
पहिल्यांदा चाळीस मिनिटं. मग एकोणतीस.
मग एकदम पन्नास, कारण त्या दिवशी
खालूनच दुसरं एक कुत्रं आलं, ओलं, ओळख ना पाळख,
आणि तो शर्ट भिजवून घरी गेला.
त्यानंतर नऊ दिवस आलाच नाही जिन्याकडे.
दहाव्या दिवशी आला.

मी बरोबर गेले नाही. मला परवानगी नव्हती.
खिडकीत बसून मी त्याच्या वाटची पत्रं
त्याच्याच पिशवीत भरत होते,
आणि हात मधेच थांबत होते.
माझा जिना तो होता.

ऑगस्टातल्या एका गार दुपारी
पिशवी पालथी करून त्याने टेबलावर झटकली. काही पडलं नाही.
"फाटकापाशी गेलो. नावाने हाक मारली.
त्याने मानसुद्धा वर केली नाही, मिरेया.
बहिरा आहे तो. ठार बहिरा."
हसता हसता त्याला खोकला लागला.

अजूनही तो कुणाच्या कुत्र्याला हात लावत नाही.
मासळीबाजारात कडेकडेने चालतो.
त्या दुपारीही हात थरथरतच होते,
चहा अर्धा बशीत, अर्धा पावत्यांवर.
फडकं माझ्या हाताशी होतं.
मी बसून राहिले.
त्याचं त्यानेच पुसलं, सावकाश, कोपऱ्यापर्यंत.