पलतड

चोडण ते रायबंदर, फेरीबोटीनं सात मिनिटं.
चालत्या माणसाला तिकीट नाही.
एवढ्याशा अंतराला कुणी गाव सोडणं म्हणतं का?
बांधावर उभं राहिलं की पणजीचे दिवे दिसायचे;
आम्ही तिला नुसतं पलतड म्हणायचो,
बायका नवऱ्याला 'हे' म्हणतात तसं.

टेम्पोत कपाट, दोन खाटा, मिक्सर, तन्वेशची सायकल
आणि सुकांतीच्या मांडीवर
दूध-पावडरच्या डब्यात दोन शेर कोरगुट,
खाऱ्या मातीत रुजणारं भात.
"तिथं कुठं पेरणार?" मी विचारलं.
"पेरायचं कोण म्हणतंय? डबा माझा आहे."

कायतान धक्क्यापर्यंत आला.
त्याच्या-माझ्या शेतात एकच मेर.
काही बोलला नाही. म्हणजे बोलला,
पण मानशीबद्दल: वरची फळी पुन्हा फुगलीय म्हणाला,
जसा काही मी संध्याकाळी परतणार होतो.

मानस म्हणजे काय, ते पलतडच्यांना सांगावं लागतं.
नदी आणि शेत यांच्यामधलं दार.
भरतीला मिटतं, सुकतीला उघडतं,
पाण्यानंच पाण्याला घातलेली कडी.
बापानं तीस वर्षं सांभाळली, मी बारा.
कुर्ल्यांनी बांधाला भोक पाडलं
तर रात्री बॅटरी तोंडात धरून
चिखल, पेंढा, वरून टाच.
मग मासळीसाठी मानशीचा लिलाव झाला.
ज्यानं घेतली त्याला भात नको होतं, काळुंद्रं हवी होती.
दार उघडंच राहिलं.
पहिल्या वर्षी कडेची चार कुणगी करपली.
तिसऱ्या वर्षी मधोमध खारफुटीचं रोप आलं,
तुकतुकीत, हिरवं.
वाईट एवढंच की दिसायला ते सुंदर होतं.

आता सांतिनेजला सहा मजल्यांची इमारत,
तळघरात एकोणतीस गाड्या
आणि रात्रपाळीचा मी.
खुर्ची, शिट्टी, रजिस्टर,
निळा शर्ट, दुसऱ्या कुणाच्या मापाचा.
पगार पहिल्या तारखेला येतो, हे मान्य करायला हवं.
सुकांती शिंप्याकडे काज-बटणं करते;
तिचे कायम वर चढलेले खांदे
इथं आल्यावर खाली उतरले, हेही.
तन्वेशनं 'आमचं शेत' निबंधात ट्रॅक्टर घातला.
आमच्याकडे ट्रॅक्टर कधीच नव्हता.
मी खोडला नाही.

श्रावणात त्याला ताप आला.
चार दिवस तोंडाला काही लागेना.
दुकानचे पांढरे तांदूळ होते घरात.
तिनं डबा काढला,
मिक्सर दोनदा नुसता टिचकीभर फिरवून साल सोडवलं,
गॅलरीत उभी राहून पाखडलं.
खालच्या मजल्यावरची बाई ओरडली,
तिच्या वाळत्या चादरीवर आमचा कोंडा.
लाल पेज झाली. तो प्याला.
उरलेली वाटीभर मी.
बियाणं खाल्लं,
त्याबद्दल आम्ही अजून बोललेलो नाही.
डबा धुऊन तिनं त्यात सुया-दोरे ठेवलेत.

काल रात्री पाऊस नव्हता, ढगही नव्हता.
बाराला दहा कमी असताना
चौदा नंबरच्या खांबापाशी
फरशीची सांध काळी पडायला लागली.
मी आधीच खुर्ची तिथं नेऊन बसलो होतो.
बोट टेकलं, जिभेला लावलं.
खारट.
टाच आपोआप उठली माझी,
सिमेंटवर आपटली, दुखली.
ह्या खांबाच्या जागी कुणाच्या बापाची टाच पडायची
ते विचारायला इथं कुणी नाही.
पंप चालू केला. पंपही मानसच,
फक्त ओरडून काम करते.

सकाळी सेक्रेटरी मिनेझिस खाली आले.
"पाऊस नसताना तुम्हाला कसं कळलं?"
म्हटलं, काल आमोशा होती.
त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग खांबाकडे,
पेन दोनदा झटकलं
आणि रजिस्टरमध्ये लिहिलं:
लीकेज.