सोबत जोडले आहे

सांगली, मारुती चौक, झेरॉक्सचं दुकान.
शिकलगार सांगतात, मी टाइप करते:
बॉयलर अटेंडंट, द्वितीय श्रेणी.
अग्निशमन, तीन दिवसांचा कोर्स.
एमएस-सीआयटी, बासष्ट टक्के,
"ते पोरीनं करायला लावलं. असू दे."

पहिल्या कागदावर एकोणीसच्या पुराची रेघ.
तिच्याखाली क्रमांक नाही, सही नाही,
नुसती शाई, गढूळ पसरलेली.

"नंबर काय टाकू?"
ते डोळे मिटतात. हवेतच
एक चाक फिरवतात, अर्धं,
मग थोडं मागं,
आणि सहा आकडे म्हणतात सलग,
दाबाचा काटा वाचावा तसे.

"वैध कधीपर्यंत" हा रकाना
मीच पुसून टाकला.

प्रिंटचे दोन रुपये.
"अजून एक काढ," म्हणाले,
"माळ्यावर ठेवायला."